पठारावरची फुलं आणि फुलपाखरं: पहिल्यांदा कॅमेरा घेऊन निघालेल्यांसाठी

श्रावण सरता सरता कासचे फोटो मोबाईलवर फिरू लागतात आणि ते पाहून दरवर्षी नवी मंडळी कॅमेरे घेऊन सह्याद्रीत उतरतात. दिवसभरात चारपाचशे फोटो निघतात. घरी उघडून पाहावं तर निम्मे हललेले, सोनकीच्या जागी नुसता पिवळा डाग, आणि फुलपाखरू म्हणजे कोपऱ्यातून निसटलेला ठिपका. खापर कॅमेऱ्यावर फुटतं. पण कॅमेरा बदलल्याने यातलं फारसं काही सुधारत नाही. सुधारतं ते योग्य वेळी योग्य झाडापाशी बसल्याने आणि कॅमेरा नीट सरळ धरल्याने. या लेखात मुख्यतः तेच आहे.

कधी, कुठे

फुलांचा आणि फुलपाखरांचा हंगाम एकच नाही, हे आधी लक्षात घ्या. साताऱ्याजवळचं कास पठार साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुललेलं असतं. पाऊस मागेपुढे झाला तर हे वेळापत्रकही दहापंधरा दिवस सरकतं. त्यातही एकाच आठवड्यात सगळं सापडत नाही. आषाढ आमरी (एक ऑर्किड) नावाप्रमाणे आधी येऊन जाते, गेंद आणि सीतेची आसवं सप्टेंबरात ऐन भरात असतात, सोनकी उतारांवर नंतरही रेंगाळते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्यामुळे तिच्या भरवशावर सहल ठरवू नका. त्या वर्षी फुलली आहे का, हे आधी विचारून घ्या.

फुलपाखरांसाठी पाऊस ओसरल्यानंतरचे दोन महिने, म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, सर्वात चांगले. पठारापेक्षा पठाराच्या कडेची झाडी, घाटवाटा, ओढ्याकाठची ओली वाळू इथे ती जास्त भेटतात. आंबोलीचा परिसर यासाठी उत्तम. पुणेकरांना सिंहगडाची पायवाटही पुरते.

कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. हंगामात प्रवेशासाठी ऑनलाईन नोंदणी लागते. शनिवार-रविवार टाळा. गर्दीचा त्रास तर आहेच, शिवाय पायवाटेवर माणसांची रांग असताना गुडघे टेकून दहा मिनिटं एका फुलापाशी थांबता येत नाही, आणि त्याशिवाय फोटो होत नाही. मधल्या वारी, शक्य तितक्या लवकर पोहोचा. दहानंतर वारा वाढतो.

पाठीवर काय घ्यायचं

हातात आहे त्या कॅमेऱ्याने सुरुवात करा. ७०–३०० मिमीची साधी झूम लेन्स बहुतेकांकडे असते आणि मोठ्या फुलपाखरांना ती पुरते. अशा लेन्स साधारण सव्वा ते दीड मीटरवरून फोकस करतात आणि वस्तू प्रत्यक्षाच्या जवळपास पाव आकारात सेन्सरवर उमटवतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो) त्या अंतरावरून चौकटीत सुमारे १४ सेंमी रुंदी मावते. आपल्या राज्याचं फुलपाखरू, नीलवंत म्हणजे ब्लू मॉरमॉन, पंख पसरून १२ ते १५ सेंमी भरतं. म्हणजे चौकट त्यानेच भरून जाते. ग्रास ब्लूसारखं गवतातलं फुलपाखरू मात्र जेमतेम दोन सेंमीचं. त्याच्यासाठी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोकस करणारी लेन्स, हवीच.

मॅक्रो लेन्स घ्यायचीच झाली तर ९० ते १०५ मिमीची घ्या. ५०-६० मिमीच्या मॅक्रोने १:१ (सेन्सरवर प्रत्यक्षाइतकाच) आकार मिळवायला इतकं जवळ जावं लागतं की लेन्सची सावली फुलावर पडते आणि फुलपाखरू तर केव्हाच उडालेलं असतं. १०० मिमीच्या लेन्सवरही १:१ ला लेन्सच्या तोंडापासून फूल वीतभराहूनही कमी अंतरावर असतं.

नवी लेन्स परवडत नसेल तर दोन उपाय आहेत. झूमच्या तोंडावर फिल्टरसारखी बसणारी क्लोज-अप लेन्स (+२ ची घेतली तर मूळ लेन्स अनंतावर असताना ५० सेंमीवर फोकस होतो), किंवा कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी एक्स्टेन्शन ट्यूब. ५० मिमीच्या लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली की वस्तू अर्ध्या आकारात मिळते. ट्यूबमध्ये काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा टिकतो, पण उजेड कमी होतो आणि दूरचं काहीही फोकस होत नाही. ट्यूब लावलेली असताना समोर इंद्रधनुष्य आलं तर नुसतं पाहायचं.

ट्रायपॉडची गरज लोक समजतात तेवढी नसते. कासच्या वाटेवर तो अडचणच करतो. त्याऐवजी तांदूळ किंवा राजमा भरलेली छोटी कापडी पिशवी न्या. जमिनीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की बोटभर उंचीच्या फुलासाठी तिच्यासारखा आधार नाही. बाकी सामान घरातलंच: गुडघ्याखाली घ्यायला जुन्या योगा मॅटचा तुकडा, ट्रेसिंग पेपर किंवा पांढरी छत्री (ऊन मऊ करायला), दोन सुती पंचे, झिप असलेल्या पिशव्या.

फोकसमध्ये किती मावतं?

नवखे लोक इथेच सर्वात जास्त फसतात, म्हणून जरा आकड्यांत बघू. एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ ८ ला, जे फोकसमध्ये दिसतं त्याची जाडी अशी असते:

पाव आकाराला (१:४) सुमारे साडेनऊ मिलिमीटर,
अर्ध्या आकाराला (१:२) सुमारे तीन मिलिमीटर,
पूर्ण आकाराला (१:१) एक मिलिमीटरहून किंचित कमी.

म्हणजे १:१ ला डोळा फोकसमध्ये असेल तर मिशांची टोकं नसतील. एफ ८ वरून एफ ११ ला गेलात तर एकाचे जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर होतात. एफ २२ लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण तिथे विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच चित्र मऊ पडतं. नवशिक्याने एफ ८ ते एफ ११ मध्येच राहावं.

मग करायचं काय? मिलिमीटर वाढवता येत नाहीत, पण ते कुठे वापरायचे हे आपल्या हातात असतं. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू जवळजवळ सपाट असतं, कागदासारखं. कॅमेऱ्याची पाठ त्या पंखांना बरोबर समांतर धरली तर डोळा, मिशा, सोंड आणि पंखाची कड सगळं त्या तीन मिलिमीटरांत बसतं. पंधरा अंशांनी तिरकं झालात की पंखाचं टोक धूसर. फोटो घेण्याआधी क्षणभर डोळा कॅमेऱ्यावरून काढून बाजूने पाहा: कॅमेऱ्याची पाठ आणि पंख एका दिशेत आहेत का? पंख उघडे असतील तर हेच वरून करायचं. अर्धवट उघडे असतील तर पंख सोडा, डोक्यावर फोकस करा.

आणखी एक. अगदी जवळून ऑटोफोकस पुढेमागे धापा टाकत बसतो. तो बंद करा. लेन्सवर हवा तो आकार ठरवून ठेवा आणि श्वास रोखून स्वतः अंगाने तीळभर पुढेमागे व्हा. डोळा लख्ख दिसला की बटण दाबा, तीनचार फोटो सलग. त्यातला एक लागतो.

फुलं

ढगाळ दिवस वाया गेला असं वाटून लोक हिरमुसतात. फुलांसाठी तोच उत्तम. आभाळ म्हणजे मोठी पांढरी छत्री, सावल्या मऊ, रंग भरलेले. कडक ऊन असेल तर फुलावर ट्रेसिंग पेपर धरा किंवा स्वतःची सावली पाडा. मात्र मागचं गवतही सावलीत आहे याची खात्री करा, नाहीतर पार्श्वभूमी जळून पांढरी होते.

वारा हा खरा शत्रू. पठारावर तो कधीच पूर्ण थांबत नाही, पण झुळुकांच्या मध्ये दोनतीन सेकंदांची उसंत मिळते. चौकट लावून ठेवा आणि वाट पाहा. शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा खाली आणू नका. उजेड कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करा. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही.

रंगांचे दोन फसवे प्रकार. गेंदाची पांढरी बोंडं गर्द हिरव्यावर असतात. कॅमेरा त्या हिरव्याकडे पाहून उजेड वाढवतो आणि बोंडांतला तपशील धुऊन जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) −०.७ करा. उलट, एकच पांढरं फूल चौकटभर घेतलंत तर कॅमेरा ते राखाडी करतो, तिथे +०.७ लागतं. सोनकीच्या पिवळ्यात घोटाळा वेगळा. फोटो पडद्यावर बरा दिसतो, पण लाल रंगाची पट्टी शेवटाला भिडलेली असते आणि पाकळ्यांवरच्या रेषा गायब. साध्या हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेडाच्या आलेखावर) हे कळत नाही, तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा. जांभळ्या-निळ्या फुलांसाठी व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवण्याचं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’ ठरवून ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटोत वेगळा जांभळा येणार नाही.

आता काही फुलं जवळून.

सीतेची आसवं. निळसर जांभळं, सेंटिमीटरभराचं फूल, बारीक देठावर. त्याची सूक्ष्म फुग्यांसारखी पिशवी चिखलात असते आणि तिच्यात पाण्यातले बारीक जीव अडकतात. उभं राहून वरून काढलं तर फुलांचा नुसता जांभळा गालिचा दिसतो. तोही एक फोटो आहे, पण फूल दिसत नाही. तांदळाच्या पिशवीवर लेन्स टेकवा, फुलाच्या उंचीला या. एकच फूल निवडा, मागची दोनतीन हात लांब असतील असं. इथे अपवाद म्हणून एफ ५.६ पुरतो. फुलाच्या खालच्या बाजूला मागे वळलेली शेपटी असते, ती दिसावी म्हणून थोडं बाजूने.

दवबिंदू. याच्या पानांवरचे थेंब दवाचे नसतात, चिकट स्रावाचे असतात. म्हणून ऊन चढलं तरी वाळत नाहीत, आणि पहाटे धावत जाण्याची गरज नाही. उजेड मागून किंवा तिरका मागून येईल अशा बाजूला बसा. प्रत्येक थेंबात दिवा लागतो. समोरून उजेड असेल तर तेच पान लालसर काड्यांचा गुंता दिसतं.

वायतुरा. डबक्यात उगवतो, तुऱ्याला दोन फाटे असतात, इंग्रजी वाय अक्षरासारखे. बाजूने काढलात तर एकच फाटा दिसतो आणि नावाचा अर्थच जातो. दोन्ही फाटे सारख्या अंतरावर येतील असं समोर जा.

मिकी माऊस म्हणून ओळखली जाणारी स्मिथिया. लोकांना हवे असलेले कान फक्त थेट समोरून दिसतात. इथे कल्पकता दाखवू नका.

एका गोष्टीबद्दल मात्र आमचं मत ठाम आहे. आड येणारं गवताचं पातं उपटायचं नाही, दुसऱ्या पात्यामागे अलगद वाकवून ठेवायचं आणि फोटो झाला की सोडून द्यायचं. कातळावर माती बोटभरच असते. वाटेवरून एक पाऊल आत टाकलं की जी माती दबते, तिच्यातच पुढच्या वर्षीचे कंद आणि बिया असतात. फूल वाटेपासून लांब असेल तर लांबूनच काढा, झूम त्यासाठीच आहे. वर फवारणीच्या बाटलीने पाणी शिंपडून ‘दव’ आणणारेही दिसतात. सप्टेंबरातल्या सह्याद्रीत पाणी घरून नेण्याची वेळ यावी, ही कमालच.

फुलपाखरं

फुलपाखराच्या मागे धावून फोटो मिळत नाही. ते कुठे येणार हे ओळखून तिथे आधी बसावं लागतं. येण्याची कारणं थोडीच असतात.

मध: घाणेरी, एकदांडी, सोनकी. घाणेरी परदेशी आणि उपद्रवी खरी, पण फुललेल्या घाणेरीपाशी अर्धा तास बसणाऱ्याला रिकाम्या हाताने सहसा परतावं लागत नाही.

अंडी: मादी ठराविक झाडावरच अंडी घालते. बिबळ्या कडवा (प्लेन टायगर) रुईवर, कॉमन मॉरमॉन कढीपत्त्यावर आणि लिंबावर, हळदीकुंकू (कॉमन जेझेबेल) बांडगुळावर. पानांना टेकत टेकत, न थांबता फिरणारं फुलपाखरू दिसलं तर ती मादी झाड तपासत असते. तिच्यामागे जाऊ नका, त्याच झुडपापाशी थांबा. ती फिरून येते.

क्षार: ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर नरांचे थवे बसतात. तिथे ते सोडियम शोषून घेत असतात. सोंड एकदा मातीत घातली की कितीतरी वेळ हलत नाहीत. शिकण्यासाठी याहून सोपी जागा नाही.

वाळलेला खुळखुळा: टायगर आणि हबशी म्हणजे क्रो जातीचे नर सुकलेल्या खुळखुळ्याला झोंबतात. त्यातली रसायनं त्यांना लागतात. अशा झुडपावर दहाबारा एकदम सापडतात, इतके गुंग की हातभर अंतरावर जाता येतं.

वेळ: सकाळी साधारण साडेसात ते दहा. फुलपाखराचं अंग उन्हाने तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही, म्हणून सकाळी ते पंख पसरून ऊन खात बसतं. पंखांची वरची बाजू हवी तर हीच वेळ. दुपारी ती नुसती भिरभिरतात.

जवळ जाण्याची रीत:

१. दोन-अडीच मीटरवर थांबा आणि पहिला फोटो तिथूनच घ्या. नंतर उडालं तर निदान ओळख पटवण्यापुरतं काहीतरी हाती राहतं.

२. सूर्य कुठे आहे ते पाहा. तुमची सावली त्याच्यावरून गेली की ते उडणारच. त्यामुळे सूर्य बाजूला ठेवून वळसा घ्या.

३. उभ्याने नाही, उकिडवं बसून पुढे सरका. आकाशावर हलणारी आकृती त्याला लगेच दिसते.

४. कॅमेरा आधीच डोळ्याला लावलेला असू द्या. जवळ जाऊन हात वर नेणं हीच नेमकी घाबरवणारी हालचाल.

५. पंख अस्वस्थ उघडमीट करू लागले तर थांबा. शांत झालं की पुढे.

६. ज्या फांदीवर ते बसलं आहे तिला काहीही लागू देऊ नका. बॅगेचा पट्टासुद्धा.

सेटिंग सोपं: शटर १/५००, एफ ८, आयएसओ ऑटो पण १६०० च्या वर नाही. मध पिताना पंख फडफडवणाऱ्या स्वॅलोटेलसाठी (नीलवंत, कॉमन मॉरमॉन यांच्या कुळातल्या फुलपाखरांसाठी) १/१००० किंवा त्याहून जास्त. फोकसचा एकच बिंदू वापरा, डोळ्यावर.

डोळ्यावर म्हणताना एक सावधगिरी. लायसिनिड कुळातल्या (ग्रास ब्लू याच कुळातलं) बऱ्याच फुलपाखरांच्या मागच्या पंखांना केसाएवढ्या शेपट्या आणि डोळ्यासारखा ठिपका असतो. बसल्यावर ती मागचे पंख वरखाली घासतात, त्यामुळे शेपट्या मिशांसारख्या हलतात. पक्षी तिथे चोच मारतो आणि फुलपाखरू पंखाचा तुकडा देऊन सुटतं. पक्ष्यासारखेच छायाचित्रकारही फसतात आणि खोट्या डोक्यावर फोकस करतात. सोंड कुठे आहे ते पाहा, खरा डोळा तिकडेच.

हळदीकुंकूचा फोटो मिटलेल्या पंखांचाच घ्या. हळद आणि कुंकू दोन्ही खालच्या बाजूला असतात.

पकडून, बाटलीत घालून किंवा फ्रिजमध्ये गार करून फुलपाखरू ‘बसवलेले’ फोटोही काढले जातात. जाणकाराला ते लगेच कळतं: पायांची पकड सैल आणि सोंड विचित्र लोंबणारी. शिवाय अनेक जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

फक्त मोबाईल असेल तर

आधी लेन्स पुसा. खिशातल्या तेलकट थरामुळे निम्मे फोटो धुरकट येतात. फुलासाठी फोन अगदी नाकाशी नेऊ नका. बरेच फोन जवळ गेल्यावर आपोआप रुंद लेन्सवर उडी मारतात आणि चित्राचा दर्जा घसरतो. हातभर मागे या, २x वर घ्या आणि नंतर कापा. पडद्यावर फुलाला बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो. मग सूर्याचं चिन्ह खाली ओढून उजेड किंचित कमी करा. चिखलावरच्या फुलपाखरांसाठी फोन उलटा धरा. लेन्स जमिनीलगत येते आणि कोन एकदम बदलतो.

आडवं पडण्याआधी

पोटावर झोपून फोटो काढण्याच्या जागीच फुरसंही असतं. कातळावरच्या सैल दगडांखाली ते राहतं, जेमतेम हातभर लांबीचं आणि मातीच्याच रंगाचं. खवले घासल्याचा करकर आवाज आला तर तिथेच थांबा, मग हळूच मागे. आडवं पडण्यापूर्वी काठीने जागा ठोकून पाहा, दगड हाताने उचलू नका, कारवीच्या झुडपात हात घालण्यापूर्वी फांद्या बघा, हिरवा चापडा हा विषारी साप तिथे गुपचूप बसलेला असतो. विजा चमकू लागल्या तर उघडं पठार ताबडतोब सोडा.

घरी आल्यावर

फुलाचं नाव हवं असेल तर एक सुंदर फोटो पुरत नाही. समोरून, बाजूने, फुलाची मागची बाजू, पान, आणि पूर्ण झाड असे पाच घ्या, एकात मापासाठी नाणं. फुलपाखराची शक्य तर वरची आणि खालची दोन्ही बाजू. ईव्हिनिंग ब्राऊनसारख्या जातींचं पावसाळी आणि कोरड्या ऋतूतलं रूप इतकं वेगळं असतं की तारखेशिवाय सांगणाराही चुकतो. म्हणून निघण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा.

आमरी किंवा कंदीलपुष्पाचा फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण धूसर ठेवण्याची सोय आहे, ती वापरा. फोनने फोटोत आपोआप नोंदवलेलं स्थानही काढून टाका. कंद उपटून नेणारे लोक फोटो बघूनच येतात.

ओला कॅमेरा त्याच रात्री बॅगेतून बाहेर काढा. लेन्स दमट बॅगेत राहिली की आत बुरशी धरते आणि ती काचेवर कोरली जाते. पंच्याने पुसा, पंख्याखाली तासभर ठेवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. पुड्यांचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले असतील तर ते आधी तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत गरम करून घ्या.